भेटीची मूठ

प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून बाबा आत आले, तशी अकरावीची बत्तीस पोरं एकदम मागे वळून बघायला लागली. बाबांच्या एका हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि दुसऱ्या हातात टोपी. कॉलेजात चपला काढायच्या नसतात हे माझं त्यांना आधी दोनदा सांगून झालं होतं. पण जिथं पाला-वेली जपून ठेवतात ती जागा त्यांच्या लेखी पानमळ्यासारखीच, आणि पानमळ्यात चपला घालून शिरणारा माणूस आमच्या वाघडोहात अजून जन्माला यायचा होता.

"वेणू, तुह्यं चालू दे," ते म्हणाले. "मी बसतो मांगं."

आणि मागच्या स्टुलावर गोणपाट मांडीवर घेऊन बसले. पोरं खुसुखुसू हसायला लागली. मी फळ्यावर खडू आपटला, तेव्हा कुठं गप्प झाली.

सत्त्याऐंशी सालच्या भाद्रपदातली ही गोष्ट. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होते. नोकरीला चार वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचंच ते वय. त्या दिवशी फळ्यावर कांद्याच्या कळीतल्या पेशीचं चित्र होतं आणि धडा होता अर्धसूत्री विभाजनाचा. पोरांना हा धडा म्हणजे डोक्याला ताप, म्हणून मी दरवर्षी तो घरच्या वाटणीवरून समजावून सांगायची. साधी पेशी दोन होते तेव्हा वाटणी होतच नाही, सगळं सामान दुप्पट होतं आणि एकसारखी दोन घरं उभी राहतात. पण पराग किंवा बीजांड बनतं तेव्हा खरोखरची वाटणी असते. गुणसूत्रं जोडीजोडीनं नांदतात, जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. वाटणीच्या आधी दोघं एकमेकांच्या जवळ येतात, बिलगतात, आपल्यातलं थोडंफार एकमेकांना देतात, आणि मग एक इकडे, एक तिकडे. कुणाच्या वाट्याला काय येईल त्याचा नेम नाही. निम्मा वाटा एकाचा, निम्मा दुसऱ्याचा, ते दोन भेटले की बी. म्हणून एकाच आईबापाची दोन लेकरं सारखी निघत नाहीत, असं मी म्हटलं आणि पहिल्या बाकावरच्या दोन सख्ख्या भावांकडे बोट दाखवलं. वर्ग हसला. मागच्या स्टुलावर बाबा मात्र हसले नाहीत. ते फळ्याकडे असे बघत होते, जसं काही तिथं त्यांच्याच घराचं काहीतरी लिहिलंय.

तास संपला, पोरं गेली. बाबांनी टेबलावर गोणपाट उलगडलं. आत आमच्या पानवेलाची हातभर फांदी होती आणि पानांच्या बेचक्यातून तीन-चार पिवळट तुरे लोंबत होते, पानपिंपरीसारखे, म्हणजे औषधी पिंपळीसारखे, पण लांब आणि सडपातळ. मी एवढी त्या मळ्यात वाढलेली, पण आमच्या वेलाचं फूल जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

"इहिरीपासच्या शेवरीवर हाय," बाबा म्हणाले. "गेल्या साली मी टायफाइडनं पडलो न, तवा तो एक वेल उतरवाचा राहून गेला. गेला तसाच वर, शेंड्यालोक."

आमच्याकडे पानवेल दरवर्षी उतरवतात. शेवरीच्या झाडावरून खाली घेतात, बुडाशी वेटोळं करून मातीत गाडतात आणि शेंडा तेवढा पुन्हा वर चढवतात. म्हणून त्याला कधी फुलायला सवड मिळत नाही. चुकून एखादा फुललाच तर जुनी माणसं तुरा खुडून टाकायची, कारण फुललेल्या वेलाचं पान निबर होतं. बाबांनी तो खुडला नाही, एस.टी.त मांडीवर घेऊन माझ्याकडे आणला. का आणला ते मला कळलं होतं.

ते सांगायचं तर आधी मळ्याचं सांगावं लागेल. आम्ही बारी, म्हणजे पानवेलवाले. वाघडोहात एके काळी चाळीस पानमळे होते आणि चाळीसही मळ्यांत वेल एकच, वाघडोही. छोटं, जाडसर, जिभेवर कापरासारखं थंड लागणारं पान. दुसऱ्या कुठल्या गावी हा वेल नव्हता. पानमळा म्हणजे आमचं देवघर. आत जाताना चपला बाहेर, अंगावर सुतक असलं तर कुंपणाच्याही बाहेर, बाईला महिन्याचे चार दिवस बंदी. आणि बेण्याचा रिवाज तर सगळ्यांत मोठा. कुणी बेणं, म्हणजे लावायला वेलाचा तुकडा, मागितला तर नाही म्हणायचं नाही. मागणाऱ्यानं रिकाम्या हातानं यायचं नाही. त्यानं आपल्या मळ्यातली माती आणायची आणि ज्या वेलाचं बेणं कापलं त्याच्या बुडाशी एक मूठ घालायची. तिला भेटीची मूठ म्हणत. भाऊ वेगळे झाले, लेक गावातच दिली, कुणाचा मळा जळाला, की बेणं आणि मूठ. असे ते चाळीस मळे एकमेकांतून निघालेले.

आणि असेच ते चार वर्षांत मेले. मर रोग आला. आधी पान पिवळं पडायचं, मग बुडखा काळा होऊन सडायचा आणि हात लावला की वेल दोरीसारखा खाली यायचा. ज्याचा गेला त्यानं शेजाऱ्याकडून बेणं आणून पुन्हा लावला आणि पुन्हा गेला. मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. होऊन आले होते. मी बाबांना टेकडीवरच्या मुरमाड तुकड्यात धडधाकट बेणं लावायला लावलं. नाल्याकाठची काळी जमीन सोडून तांबड्या मुरमात पानवेल लावणारा माणूस म्हणून लोक बाबांना हसले. मी त्यांना सक्त सांगितलं होतं, की इथलं बेणं बाहेर द्यायचं नाही, दुसऱ्याचं फावडं-कुदळ आत आणू द्यायची नाही, नाल्याचं पाणी घ्यायचं नाही. बाबांनी सगळं ऐकलं. सत्त्याऐंशी साली वाघडोहात पानमळा म्हणून जे काही उरलं होतं, ते म्हणजे बाबांच्या त्या तुकड्यातल्या अकरा ओळी.

पण ऐकणं त्यांना जड गेलं. पुंडलिक मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मळा मेल्यावर दोनदा बेणं मागायला आले. दोन्ही वेळा बाबांनी नाही म्हटलं. थोरल्या भावाला बेण्याला नाही म्हणणारा पहिला बारी, म्हणून माझ्या बापाचं नाव झालं. मोठेबाबांनी बोलणं टाकलं. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, तिकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि इकडे बाबा ताटावर बसून राहायचे. माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी नव्हतं. लोक तर तोंडावर म्हणायचे की डोमाजीनं बेणं दाबून ठेवलं, लेकीनं शिकवलं त्याला.

तर त्या दिवशी टेबलावर तुरे ठेवून बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या वेलाची कधी वाटणीच नाही झाली."

मी म्हटलं, "नाही झाली. आपण कापतो आणि लावतो. तुमच्या आजोबांनी लावलेला वेल आणि हा वेल, एकच आहे बाबा. त्याचं पोर नाही हे, तोच आहे."

"म्हनून एकाले रोग झोंबला का साऱ्याईले झोंबते."

"हो."

"अन् बी झालं तं?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण मास्तरीण मी, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत असलं की तोंड बंद राहत नाही. मी त्यांना सांगितलं की बी झालं तर रोपागणिक वेल वेगळा निघेल. कुणाचं पान मोठं, कुणाचं लहान, कुणाला वास नाही. आणि शे-दोनशेत एखादा असाही निघेल की ज्याला मर लागणार नाही. तो एक निघाला की त्याचं बेणं साऱ्या गावाला. त्यात एक अडचण होती, तीही सांगितली. पानवेलात नर वेगळा, मादी वेगळी. हे तुरे नराचे होते, आणि आमचा सगळा गाव म्हणजे एकच वेल, तेव्हा गावभर नरच. मादी वेल बाहेरून शोधावा लागला असता आणि तिच्या तुऱ्यावर हे पराग नेऊन झटकावे लागले असते. बाबांनी हे सगळं अशा चेहऱ्यानं ऐकलं, जसा सोयरीक ठरवायला निघालेल्या माणसानं पाहुण्यांचा पत्ता ऐकून घ्यावा. रामटेककडे दुसऱ्या जातीचे पानमळे आहेत हे त्यांना माहीत होतं. येत्या सोमवारच्या एस.टी.नं जातो म्हणाले.

"जायच्या आधी मला बघू द्या," मी म्हटलं. "पराग भरलेला पाहिजे. पोकळ असला तर उपयोग नाही."

"पाह्य ना मंग. तुह्यं कामच हाय ते."

दाराशी चपला घालताना ते थोडे थांबले आणि म्हणाले, की वाटणीच्या आधी दोघं बिलगते म्हणून सांगतलं तू, ते आपल्याले लय आवडलं. एवढं बोलून गेले. चपला नीट पायात गेल्याही नव्हत्या.

तुरे मी रात्रभर औषधात भिजत ठेवले आणि मंगळवारी दुपारी, पोरं गेल्यावर, काचपट्ट्या करायला बसले. कोवळ्या तुऱ्यातली कणभर फुलं सुईनं काढायची, लाल रंगात चिरडायची, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायची. एम.एस्सी.ला असताना मी हे काम शेकडो वेळा केलं होतं आणि बाईंकडून शाबासकी मिळवली होती. पहिल्या पट्टीत काही दिसेना तेव्हा मला वाटलं, माझा हात बसला नाही. दुसरी केली, तिसरी केली. मग दिसलं. माझा हात बरोबरच बसला होता.

गुणसूत्रं जोडीनं उभीच राहत नव्हती. कुठं तिघं एकमेकांत गुंतलेली, कुठं दोन, आणि बरीचशी कडेला एकेकटी पडलेली. वाटणीची वेळ झालेल्या पेशीत काही इकडे ओढली जात होती, काही तिकडे, आणि पाच-सहा मधेच राहिलेली, ना या घरची ना त्या घरची. शेकडो वर्षं हा वेल फक्त कापून लावला गेला. वाटणी करायची कशी ते त्याला येतच नव्हतं, किंवा कधी आलंच नव्हतं. पिकलेल्या तुऱ्यातला पराग घेतला. भरलेला दाणा लाल दिसतो. मी दोनशे दाणे पाहिले. सगळे चिपाडासारखे चपटे आणि पांढरे. एकही लाल नव्हता. मग दुसरा तुरा घेतला, मग तिसरा, आणि शिपाई दार लावायला आला तेव्हा उठले.

रामटेकला जा, नाहीतर काशीला जा, या वेलाचं बी होणार नव्हतं. जो होता तो शेवटचा, आणि तोही अकरा ओळी.

खोलीवर येऊन मी वाक्यं जुळवत बसले. बाबांना कसं सांगायचं ते. रविवारी गावी जायचंच होतं, तेव्हा समोर बसून सांगू असं ठरवलं. मध्ये चार दिवस होते.

बुधवारी तालुक्याचा बाजार. दुपारी मी फाटकाबाहेर आले तर बाबा उभे. धुतलेलं धोतर, दाढी केलेली. इतक्या दिवसांत मी त्यांना दाढी केलेलं पाहिलं नव्हतं. बाजारात रामटेककडचा एक पानांचा व्यापारी भेटला होता, त्यानं एका मळेवाल्याचं नाव दिलं होतं आणि त्या मळ्यातला वेल फुलतो, त्याला बोंडंही धरतात, असं छातीठोक सांगितलं होतं. बाबांनी ते नाव चुरगाळलेल्या कागदावर लिहून घेतलं होतं आणि मला दाखवायला ते फाटकाशी तासभर उभे होते. रात्री झोप लागली म्हणाले, अशी झोप की गाईनं हंबरून उठवलं. मग कागद खिशात ठेवत त्यांनी विचारलं.

"मंग? दाणा भरला हाय का?"

रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. बैलगाड्या, सायकली, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन चाललेल्या बायका. अशा ठिकाणी ते सांगावं असं मला वाटेना. खरं सांगायचं तर ठिकाणाचा काही दोष नव्हता. त्यांचा चेहराच तसा होता, मला धीर झाला नाही.

"बरं दिसतंय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रस्त्यात, विद्यार्थ्यांच्या देखत. आमच्याकडे बाप मोठ्या लेकीला असा हात लावत नाही. मग टोपी घातली आणि बस स्टँडकडे गेले.

शुक्रवारी, शनिवारी पाऊस पडला. भाद्रपदातला संथ, दिवसभराचा पाऊस. रविवारी उघडलं आणि मी सकाळच्या एस.टी.नं वाघडोहला गेले. घराला कुलूप नव्हतं, पण बाबा घरी नव्हते. भिंतीपलीकडून मोठ्याआईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, मला पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, वेणू आली का वं, चहा घेऊन जाय. मला नवल वाटलं. येताना घेते म्हटलं आणि टेकडीकडे निघाले. वाटभर मी मनात वाक्यं घोकत होते.

मळ्याच्या काटेरी फाटकाशी चपला काढल्या आणि आत शिरले. आतली ओली, गार सावली, शेवरीच्या सरळ रांगा, तांबडा मुरूम पावसानं आणखी तांबडा झालेला. आणि पहिल्याच ओळीत, वेलाच्या बुडाशी, काहीतरी काळं दिसलं.

वाकून पाहिलं. मूठभर काळी माती. पुढच्या वेलाशीही होती. त्याच्या पुढच्या दोन वेलांशी नव्हती, तिसऱ्याशी होती. पावसानं तिचे ओघळ खाली मुरमात गेले होते. मी दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली. नाल्याकाठची माती ती. वाघडोहात काळी माती दुसरीकडे कुठं नाहीच.

बाबा सातव्या ओळीत वेल बांधत होते. मला पाहून हसले.

"दादा आला व्हता," ते म्हणाले. "बेस्तरवारी. म्याच बलावलं त्याले. भितीवरून हाक मारली, का दादा, बेणं घेऊन जाय. रडला तो, वेणू. एवढा बुढा माणूस, लेकरावानी रडला."

मग एकदम सगळं सांगत सुटले. मोठेबाबा अंघोळ करून, नवं धोतर नेसून आले. सगळ्या ओळींतून थोडं थोडं घेतलं, एकाच वेलावर भार नको म्हणून. घेतल्या वेलागणिक एक मूठ. सबंध पाटीभर माती डोक्यावरून आणली होती, त्या वयात टेकडी चढून. मग दोघा भावांनी इथंच बसून भाकर खाल्ली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हटलं. "बाहेरचं काही आत आणायचं नाही म्हणून."

"फावडं नाही आनलं त्यानं. पानी नाही."

"माती, बाबा. माती आणली."

बाबांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ते काय माती होय वेणू?" ते म्हणाले. "ते तं भेट होय."

मी त्यांना कुदळ सांगितली, फावडं सांगितलं, नाल्याचं पाणी सांगितलं, पण मूठ सांगितली नव्हती. लहानपणापासून पाहत आलेले मी, ती मूठ माझ्याही लेखी माती नव्हतीच. रोग मातीतून येतो हे शिकून आले, परीक्षेत लिहिलं, तरी ती माझ्या लक्षात आली नाही. चाळीस मळे कसे गेले ते तेव्हा, तिथं उभ्या उभ्या मला कळलं. बेण्याबरोबर मूठ, मुठीबरोबर मर.

"आता भेव कायचं," बाबा माझी समजूत घालत होते. "एखादा वेल गेला तं जाऊ दे. बी येऊनच राह्यलं आपलं. म्या म्हटलं, बी येनारच हाय, मंग भावाले कायले तोडाचं. उद्या निंगतो रामटेकले."

"बी येणार नाही, बाबा."

ते थांबले.

"दाणा पोकळ आहे. सगळे दाणे. या वेलाची वाटणी होतच नाही. त्याला बी धरणारच नाही, कुठंही नेलं तरी."

त्यांच्या हातात बांधायची दोरी होती. ती त्यांनी हळूहळू बोटाला गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली.

"तुले कवा समजलं?"

"मंगळवारी."

त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. मंगळवार, बुधवार, बेस्तरवार. मला वाटलं ते ओरडतील. मला वाटलं, ओरडले तर बरं होईल. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पाटी आन."

मी पाटी आणली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून वेलागणिक ती काळी माती बोटांनी खरवडून काढायला लागलो. काळी संपून तांबडी लागेपर्यंत खरवडायचं आणि पाटीत टाकायचं. दोन दिवसांच्या पावसानं जे खाली मुरायचं ते मुरून गेलं आहे, हे मला माहीत होतं. या वेळी मी ते लपवलं नाही, सांगितलं. बाबा म्हणाले, काढू दे वं. आम्ही अंधार पडेपर्यंत काढत होतो. पाटी भरली की ते कुंपणाबाहेर नेऊन रिकामी करत आणि प्रत्येक वेळी परत येताना पाय झटकून आत येत.

दसऱ्याला पहिल्या ओळीतलं पान पिवळं दिसलं. दिवाळीपर्यंत सात ओळी गेल्या. बुडखे काळे, हात लावला की वेल खाली. मी चांगल्या दिसणाऱ्या वेलांची बेणी काढून कॉलेजच्या कुंड्यांत लावली, माती भाजून घेऊन लावली, पुस्तकात होतं ते सगळं केलं. ती पंधरा दिवस तग धरून होती. विहिरीजवळचा तो फुललेला वेल सगळ्यांत शेवटी गेला. तो तसा उंच होता, वरचे तुरे वाळेपर्यंत त्याचं बूड सडलंय हे कळलंच नाही. पलीकडे मोठेबाबांनी नाल्याकाठी लावलेलं बेणं तर रुजलंच नव्हतं.

एके दिवशी मोठेबाबा टेकडी चढून आले. आत आले नाहीत, कुंपणाला धरून उभे राहिले. मी होते तिथं. त्यांनी आतल्या उघड्या शेवऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "डोमा, माह्याच मुठीनं गेलं का रे हे?"

बाबा म्हणाले, "नाही दादा. त्याचं भरलंच व्हतं."

मोठेबाबांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुधवारी फाटकाशी मी काय बोलले होते, ते त्यांनी मोठेबाबांना सांगितलं नाही, गावात कुणाला सांगितलं नाही, आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची एकवीस वर्षं, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मी काही उत्तर दिलं असतं.

मार्गशीर्षात शेवऱ्या तोडून जमीन मोकळी करायचं ठरलं, पुढच्या पावसाळ्यात तुरी पेरायला. मी शनिवारचं कॉलेज आटपून पोचले तोवर अर्धी झाडं आडवी झाली होती. कुंपण मोडलं होतं आणि बाभळीचे काटे जिकडेतिकडे विखुरले होते. जिथं बारा महिने सावली असायची तिथं डोळ्यांत खुपेल असं ऊन पडलं होतं. फाटक नव्हतं, पण फाटकाची जागा होती. मी सवयीनं तिथं थांबले आणि चपला काढल्या.

बाबा आतून येत होते. कुऱ्हाड खांद्यावर, पायात चपला. करकर वाजत होत्या मुरमावर. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"घाल त्या चपला, वेणू," ते म्हणाले. "काटे हायेत इथं."

मी चपला घातल्या आणि त्यांच्यामागून आत गेले.